जपानी मुटका



खाद्यपदार्थांचीं नांवें पुष्कळदां फसवीं असतात. 'सुशी' म्हटलें कीं आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें कच्चा मासा उभा राहतो, आणि निम्मे लोक तेथेंच पानावरून उठतात. वस्तुतः त्या शब्दांत मासाही नाहीं आणि कच्चेपणाही नाहीं. जुन्या जपानी भाषेंत हें 'आंबट' या अर्थाचें विशेषण होतें. सुशी म्हणजे आंबविलेला, किंवा आजच्या रीतीनें शिरका कालविलेला भात. त्या भातावर मासा ठेवा, अंड्याची वडी ठेवा, नाहीं तर काकडीची फोड ठेवा. भात आंबट आहे तोंवर ती सुशीच. उलट, कच्च्या माशाचे नुसते काप ताटलींत मांडून दिले तर त्यांस 'साशिमी' म्हणतात, सुशी नव्हे. मी अद्याप शाळेंत असतों तर हा भेद फळ्यावर लिहून दिला असता.

या खाद्याचें मूळ चैनींत नसून साठवणींत आहे. आग्नेय आशियांतील भातशेतीच्या मुलखांत पावसाळ्याच्या अखेरीस नद्यांत व खाचरांत मासे मुबलक मिळत, आणि पुढें मिळेनासे होत. ते टिकवावे कसे? मीठ लावलेला मासा शिजविलेल्या भातांत दाबून ठेवला म्हणजे भात आंबतो, दह्यांत असतें त्याच जातीचें आम्ल त्यांत तयार होतें, आणि त्या आम्लामुळें मासा महिनेच्या महिने सडत नाहीं. खावयाच्या वेळीं भात फेंकून देत व मासा तेवढा खात. ही युक्ति पुढें चीनमार्गें जपानांत पोंचली असें अभ्यासक मानतात. इ. स. ७१८ च्या सुमारास रचलेल्या जपानी कायद्यांत, करापोटीं सरकारांत भरावयाच्या जिनसांमध्यें अशा आंबविलेल्या माशाचा उल्लेख आहे. जपानांतील सर्वांत मोठें सरोवर बिवा. त्याच्या कांठीं 'फुनाझुशी' नांवाचा हा जुना प्रकार आजही करितात, आणि त्याचा वास असा उग्र असतो कीं खुद्द जपानी माणसेंही त्याच्या बाबतींत दोन पक्षांत विभागलेलीं आहेत. आमच्या कोंकणांत बोंबील वाळवितात, तिकडे मासा भातांत पुरीत. बेगमीचा प्रश्न दोन्हीकडे एकच.

पुढें भात फेंकून देणें लोकांच्या जिवावर आलें आणि इतके दिवस वाट पाहणेंही नको झालें. आंबण्याची वाट न पाहतां भातांतच शिरका कालवावा, ही तोड निघाली. १८०४ सालीं हांदा या गांवच्या नाकानो माताझाएमोन नांवाच्या मद्य करणाऱ्या गृहस्थानें 'साके' मद्याच्या उरलेल्या चोथ्यापासून शिरका करण्यास आरंभ केला. तो तांबूस रंगाचा आणि स्वस्त असे. त्यानंतर वीसएक वर्षांच्या आंत एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, ताज्या माशाचा काप भाताच्या मुटक्यावर दाबून तेथल्या तेथें देण्याची पद्धत रूढ झाली. तिचें श्रेय हानाया योहेई (१७९९–१८५८) याला देतात. या प्रकारास 'निगिरी' म्हणतात. निगिरी म्हणजे मुठींत दाबलेलें. आपल्या 'मुटका' या शब्दाचा तरी दुसरा काय अर्थ आहे? म्हणून मी यापुढें मुटकाच म्हणणार आहें. हे मुटके रस्त्यावरच्या टपरींत उभ्या उभ्या खात. ते आजच्यापेक्षां बरेच मोठे असत, आणि खाणारे बहुधा घाईंत असलेले कारागीर व मजूर असत. आपल्या वडापावाची जी जागा, तीच त्यांची. ट्यूना माशाच्या पोटाकडील जो चरबीदार भाग आज सोन्याच्या भावानें विकला जातो, तो त्या काळीं लवकर नासतो म्हणून कोणी मोलाचा मानीत नसे.

१ सप्टेंबर १९२३ रोजीं टोकियोस मोठा भूकंप झाला, शहर जळालें. कारागीर आपापल्या गांवीं परतले, आणि त्यांच्याबरोबर टोकियोचा मुटका देशभर गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर तेथें अन्नाची अशी टंचाई झाली कीं १९४७ सालीं सरकारनें खाणावळीच बंद करविल्या. तेव्हां टोकियोच्या सुशीवाल्यांनीं एक तोड काढली. आम्ही जेवण विकीत नाहीं, गिऱ्हाइकानें आणलेल्या तांदळाचे मुटके वळून देतों आणि मजुरी घेतों, असें त्यांनीं सरकारास पटविलें. एक गो म्हणजे सुमारें १८० मिलिलिटर तांदूळ द्यावा आणि दहा मुटके न्यावे, असा तो ठराव होता. आपण गिरणींत दळण टाकतों तसाच हा प्रकार झाला. मला ही पळवाट फार आवडते. एका वेळीं आठ-दहा मुटके देण्याची चाल तेथूनच पक्की झाली असें सांगतात.

मुटक्यांच्या जोडीला भाताच्या वळकट्याही असतात. त्यांना गुंडाळण्यास जो काळा, कागदासारखा पापुद्रा लागतो त्याला 'नोरी' म्हणतात. तें समुद्रांतील शेवाळ. जपानी कोळी शेंकडों वर्षें तें वाढवीत होते, परंतु त्याचें बीज उन्हाळ्यांत कोठें जातें हें कोणालाच माहीत नव्हतें, त्यामुळें पीक नशिबावर अवलंबून असे. कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनीं १९४९ सालीं दाखवून दिलें कीं त्या जातीचें शेवाळ आयुष्याची एक अवस्था शिंपल्यांच्या कवचांत काढतें. त्या ज्ञानावर जपानी शास्त्रज्ञांनीं लागवडीची पद्धत बसविली. बाईंनीं जपान कधींच पाहिला नाहीं. १९५७ सालीं त्या वारल्या. कुमामोतो प्रांतांत उतो येथें समुद्राकांठीं १९६३ सालीं कोळ्यांनीं त्यांचें स्मारक उभारलें असून दरवर्षीं १४ एप्रिलला तेथें त्यांची आठवण करितात.

मॅट्रिक होऊन ३७ वर्षें खेड्यांतील प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे शिकविणाऱ्या मास्तराला हे जपानी उद्योग कशाला, असें आपल्या मनांत आलें असेल. त्याचें कारण माझ्या पत्नीचें नाक.

मी साताऱ्याकडचा, म्हणजे घाटावरचा. तिचें माहेर वेंगुर्ल्याचें. लग्नापूर्वीं मासा म्हणजे ओढ्यांतील मळ्या एवढेंच मला ठाऊक. मासा कल्ल्याशीं उघडून पाहावा, डोळा धुरकटला असेल तर पुढें जावें, अंगावर बोट दाबून खड्डा राहिला तर घेऊं नये, हें मीं तिच्यापासून शिकलों. पण तिची खरी परीक्षा नाकाची. टोपलीवरचें फडकें उचलण्याच्या आधींच ती सांगे कीं आजचा नाहीं, कालचा आहे. मासळीवाल्या बायका तिला वचकून असत.

एप्रिल २०२१ मध्यें तिला कोविड झाला. ताप पांच दिवसांत उतरला, परंतु वास गेला. तीन महिन्यांनीं तो परत आला, तो विपरीत होऊन. कांदा परतला कीं तिला जळक्या रबराचा वास येई. कॉफी, भाजलेलें खोबरें, तळलेला मासा, सर्वांस एकच दुर्गंध. त्या सांथीनंतर जगभर असंख्य लोकांना हा विकार जडला. वैद्यकांत त्याला 'पॅरॉस्मिया' म्हणतात. नाकांतील वासाच्या तंतूंची झीज होऊन ते पुन्हां वाढूं लागले म्हणजे वासाचा अर्धामुर्धाच निरोप मेंदूस पोंचतो आणि मेंदू त्याचा भलताच अर्थ लावतो, अशी त्याची एक उपपत्ति आहे. २०२२ सालीं इंग्लंडांतील रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनीं कॉफीच्या वासाचें पृथक्करण करून दाखविलें कीं, हा विपरीत वास जागा करणाऱ्या द्रव्यांत, भाजतांना तयार होणारें एक गंधकयुक्त द्रव्य प्रमुख आहे. कांदा, लसूण, तळण, भाजणी, म्हणजे आपला सारा स्वयंपाक आला. अशा रोग्यांनीं अन्न गार करून, साधें व न परततां खावें, एवढाच सल्ला डॉक्टर देत.

अडीच वर्षें तिनें दहीभात, काकडी आणि केळीं यांवर काढलीं. स्वयंपाक ती नाकाला पदर बांधून करी; करूं नको म्हटलें तरी ऐकत नसे. मासा घरांत येईनासा झाला. वजन ११ किलोंनीं घटलें. तिनें तक्रार केली नाहीं, मात्र बाजारांत मासळीच्या गल्लीच्या अलीकडेच ती वळूं लागली, आणि तें पाहणें मला अवघड जाई.

डिसेंबर २०२३ मध्यें आमच्या लग्नास ४० वर्षें झालीं. मुंबईस असलेल्या आमच्या मुलीनें कोठें तरी वाचलें होतें कीं गार अन्न सोसतें, मग गार मासा कां सोसूं नये? तिनें एका मोठ्या हॉटेलांत आम्हां दोघांपुरती जागा राखून ठेविली आणि जांवईबापूंनीं मोटारींतून दारापर्यंत पोंचविलें. "तुम्ही दोघेंच जा, आम्ही येणार नाहीं," अशी मुलीची अट होती. अशा सायंकाळीला हल्लीं 'डेट' म्हणतात. माझ्या इंग्रजीप्रमाणें त्या शब्दाचे अर्थ दोन, तारीख आणि खजूर. तिसरा सासष्टाव्या वर्षीं कळला.

हॉटेलाचें वर्णन करीत बसत नाहीं. गालिचे, कमी उजेड, खालच्या आवाजांत बोलणारीं माणसें आणि खिडकीपलीकडे काळा समुद्र. उजेड इतका कमी कीं पदार्थांची यादी मीं मोबाईलच्या दिव्यानें वाचली. किंमती मात्र कोणत्याही उजेडांत वाचण्यासारख्या नव्हत्या. आम्हांस मेजाऐवजीं सुशी करणाऱ्याच्या पुढ्यांतील फळीशीं बसविलें, तें बरें झालें. तो टिहरी गढवालकडचा पंचविशींतला मुलगा होता. डोंगराळ मुलखांतला, समुद्र मुंबईस आल्यावरच पाहिलेला. जपानी काड्या समोर ठेवल्या होत्या. मीं त्यांकडे संशयानें पाहूं लागतांच तो म्हणाला, "बाबूजी, हातानें खा. जपानांतही मुटका हातानें खाल्ला तर कोणी वाईट म्हणत नाहीं." आम्ही दोघेंही सैल होऊन बसलों.

कांचेखालीं मासे मांडले होते. पत्नीनें ते पाहिले, आणि कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती अशी बाजारांतली चौकशी सुरू केली. हा कोठला? हा किती दिवसांचा? त्या मुलानें सरळ उत्तरें दिलीं. तांबूस सामन नॉर्वेहून आलेला, तोही समुद्रांत जाळीं लावून पोसलेला. जपानी लोक पूर्वीं सामन कच्चा खात नसत, कारण त्यांच्याकडील सामनमध्यें जंत असतात. नॉर्वेवाल्यांनीं १९८० नंतर आपला पोसलेला मासा तेथें नेऊन त्यांना ती संवय लावली. "आणि आमची सुरमई असली तर?" तिनें विचारलें. त्यानें जोरानें मान हलविली. बाजारांतला मासा कितीही ताजा दिसला तरी तसा कच्चा खाऊं नये, असें तो म्हणाला. ही गोष्ट श्रोत्यांनींही नीट ध्यानांत ठेवावी. समुद्रांतील माशांत 'अॅनिसाकिस' नांवाचा जंत असूं शकतो. तो मरावा म्हणून मासा उणें २० अंशांवर निदान सात दिवस गोठवावा, किंवा उणें ३५ अंशांवर घट्ट गोठवून पंधरा तास ठेवावा, असा अमेरिकेंतील अन्नखात्याचा दंडक आहे. घरच्या शीतपेटींत उणें २० अंशांचा भरंवसा नसतो. शिवाय गोठविल्यानें जंत मरतात, सगळे रोगजंतु मरत नाहींत. गोड्या पाण्यांतील मासा तर कच्चा खाऊंच नये.

कांचेच्या कडेला निळसर पट्ट्यांचा एक मासा होता. "हा बांगडा!" ती म्हणाली. बांगड्याचाच भाऊबंद होता तो. जपानींत त्याला 'साबा' म्हणतात. तो मात्र अगदीं कच्चा देत नाहींत, मीठ चोळून मग शिरक्यांत मुरवितात. हाही परदेशांतून गोठवून आणलेला. "दारांत बांगडा असतांना हे सातासमुद्रांपलीकडून आणतात," असें ती मला मराठींत म्हणाली, आणि मुलाकडे पाहून हसली.

पहिला घास तिनें त्याच बांगड्याचा घेतला. या अडीच वर्षांत तिला एक संवय जडली होती. घास तोंडांत घेतला कीं ती क्षणभर चावणें थांबवी, दुर्गंध येतो कीं काय याची वाट पाही, आणि मग बहुधा तो घास गिळून पाणी पिई. त्या दिवशींही ती थांबली. मीं पाण्याचा पेला तिच्या बाजूस सरकविला. तिनें तो घेतला नाहीं. चावूं लागली. "येत नाहीं," एवढेंच म्हणाली, आणि दुसरा मुटका उचलला.

मग तिनें ती हिरवी चटणी, वासाबी, जरा धिटाईनें जास्त घेतली, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलें. नाकांत चांगलीच झणझण झाली असावी. तिला त्याचेंही समाधान वाटलें, कारण नाकांत कांहीं तरी खरें घडलें होतें. हा झणका वासाचा नव्हेच. तो चेहऱ्यास संवेदना पुरविणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूंचा असतो. वास गेला तरी तो शाबूत राहतो. जपानी संशोधकांनीं तर बहिऱ्या माणसास झोपेंतून जागें करण्यासाठीं वासाबीचा फवारा उडविणारी आगीची सूचनाघंटा केली, आणि २०११ सालीं त्यांना अमेरिकेंतील थट्टेचें नोबेल पारितोषिक मिळालें. खरी वासाबी डोंगरी झऱ्यांच्या गार पाण्यांत वाढते व फार महाग असते. जपानाबाहेर बहुतेक ठिकाणीं हॉर्सरॅडिश या युरोपी मुळाच्या किसांत मोहरी व हिरवा रंग मिसळून काम भागवितात. आमच्या पुढची गोळीही बहुधा त्याच जातीची असावी, पण तिनें आपलें काम चोख केलें.

मीं माझ्यापुरता भाजलेल्या वामीसारख्या माशाचा मुटका मागविला. त्याच्या धुराचा तिला त्रास होऊं नये म्हणून त्या मुलानें तो दूरच्या बाजूस केला. वर हिरवट पूड भुरभुरविली आणि पुडीची वाटी फळीवर ठेविली. पत्नीनें त्यांतील चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली. जिभेला मुंग्या आल्या असाव्या; तिनें डोळे मिटले.

"अहो, हें तिरफळ आहे."

मुलगा म्हणाला, "नाहीं माताजी, ही जपानी सानशो." ती ऐकेना. बांगड्याच्या आमटींत घालतात तेंच हें, लहानपणीं माझ्या आईनें खलबत्त्यांत ठेचलेलें, मला तिरफळ कळणार नाहीं काय? ती मोठ्यानें बोलत होती. शेजारचीं माणसें वळून पाहूं लागलीं, आणि मला तिला थांबवावेंसें वाटलें नाहीं. घरीं आल्यावर मुलीकडून शोध करविला तेव्हां उलगडा झाला. कोंकणांतील तिरफळ आणि जपानांतील सानशो हीं दोन वेगळीं झाडें खरीं, पण वनस्पतिशास्त्रांत दोघांचें कुळ आणि जातवर्ग एकच. त्यांतील एका द्रव्यानें जिभेला मुंग्या येतात, म्हणजे तेंही वासाबीप्रमाणेंच नाकाच्या वाटेनें न जातां स्पर्शाच्या वाटेनें जाणारें. अर्थात् दोघेही बरोबर होते. गढवालचा मुलगा नांवानें आणि वेंगुर्ल्याची बाई जिभेनें.

पैशांविषयीं एक शब्द. त्या दोन पानांच्या किंमतींत आमच्या गांवच्या बाजारांत दीड महिन्याचे मासे आले असते. मुलीनें दिले म्हणून बरें, पण मला द्यावे लागते तरी त्या रात्रीं मीं दिले असते.

परतीच्या वाटेवर ती समुद्राकडे पाहत गप्प बसली होती. दादरच्या पुढें आल्यावर म्हणाली, "तिरफळाच्या आमटीला कांदा लागतच नाहीं. लसूणही नाहीं. फोडणीसुद्धां नाहीं." हें खरें होतें, आणि अडीच वर्षें कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें, कारण आमच्या घाटावरच्या घरांत तिनें पहिल्यापासून माझ्या आईच्या पद्धतीनें कांदा-लसूण परतूनच मासे केले होते. ओलें खोबरें, मिरची, हळद आणि आमसूल. खोबरें न भाजतां वाटावयाचें, बांगडा त्यांत शिजवावयाचा, तिरफळें ठेचून टाकावयाचीं आणि वरून चमचाभर कच्चें खोबरेल. ही आमटी दुसऱ्या दिवशीं गारच चांगली लागते असें कोंकणांतील जुनीं माणसें म्हणतातच.

तिच्या भावानें वेंगुर्ल्याहून तिरफळांची पुडी पाठविली. आठवड्यांतून दोनदां आमच्याकडे बांगडा येतो. शिजतांना ती बाहेर अंगणांत जाऊन बसते, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं गार भाताबरोबर दोन तुकडे खाते. कांद्याचा वास अजून सुधारलेला नाहीं, कॉफीचाही नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत मासळीवालीनें टोपली उतरविली तेव्हां तिनें फडक्याजवळ नाक नेलें, थोडी थांबली, आणि "आजचा आहे," असें म्हणाली. मीं कल्ला उघडून पाहिला. लाल होता.